३.३ व्होल्टच्या लाइनवर ४७ ओहम दिसतायत, बोर्डला पॉवर देऊ का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बोर्डाला बाहेरून १२ व्होल्ट येतात. त्यातून ५ आणि ३.३ व्होल्ट तयार होतात, आणि ५ वरून प्रोसेसरच्या कोअरसाठी १.२. यातला ३.३ चा रेग्युलेटर (व्होल्टेज ठरावीक ठेवणारी चिप), एएमएस१११७, भाजून निघावा इतका तापायचा. म्हणून तो काढून बाजारात मिळणारं तयार बक कन्व्हर्टर मॉड्यूल (जास्त व्होल्टेज झटपट चालू-बंद करून कमी व्होल्टेज बनवणारं छोटं सर्किट) बसवलं, जुन्या इनपुटचा ट्रॅक कापला आणि जंपर, म्हणजे जोडणीच्या छोट्या वायरी, टाकले. पॉवर देण्याआधी मल्टिमीटरने प्रत्येक लाइन आणि ग्राउंड यांच्यातला रेझिस्टन्स मोजला. १२ वर काही किलोओहम आले. ५ वर आकडा चढतच राहतो. ३.३ वर ४७ ओहम, १.२ वर ३ ओहम, आणि तिथे कंटिन्युइटीचा बझरही वाजतो. बदल करण्याआधीची रीडिंग्ज घेतलेली नाहीत. यातलं शॉर्ट, म्हणजे थेट ग्राउंडला चिकटलेली लाइन, कुठलं?

पॉवर अजून देऊ नका, पण कारण तुम्हाला वाटतंय ते नाही. तुम्हाला १.२ व्होल्टच्या बझरची धास्ती वाटतेय आणि माझ्या मते तेच रीडिंग बहुधा ठीक आहे. ५ व्होल्टचं चढणंही ठीक. शंका घ्यावी असं एकच रीडिंग आहे, ते ४७ ओहमचं.

बझरचं आधी सांगतो, कारण बहुतेकांची पहिली गल्लत तिथेच होते. बझर वाजला म्हणजे शॉर्ट, असं नसतं. मीटरमध्ये एक मर्यादा ठरलेली असते, बऱ्याच मीटरमध्ये ती ३० ते ५० ओहमच्या आसपास असते, आणि त्याखाली काहीही आलं की तो वाजतो. वायर तुटली आहे का हे बघायला ती सोय आहे. प्रोसेसर, एफपीजीए (आतली रचना नंतर ठरवता येणारी चिप), ग्राफिक्स चिप यांच्या कोअर लाइनवर लाखो-कोट्यवधी ट्रान्झिस्टर समांतर जोडलेले असतात आणि प्रत्येकातून थोडी गळती होते. सगळ्यांची मिळून ती काही ओहमपर्यंत येते. मोठ्या ग्राफिक्स चिपच्या कोअरवर तर चांगल्या बोर्डातही एक ओहमच्या खाली रीडिंग मिळतं. म्हणून लाइनगणिक अपेक्षा वेगळी ठेवायची: कोअर म्हणजे ओहमात, मेमरीची लाइन साधारण दहा-वीस ते काहीशे ओहम, ३.३ म्हणजे काहीशे ओहम ते काही किलोओहम, ५ आणि १२ किलोओहममध्ये. हे आकडे ढोबळ आहेत, बोर्डावर काय काय बसवलंय त्यावर ते हलतात. पण व्होल्टेज जितकं कमी आणि करंट जितका जास्त, तितका रेझिस्टन्स कमी, हा क्रम सहसा मोडत नाही. तुमच्या यादीत क्रम मोडत नाही, पण एक आकडा अपेक्षेपेक्षा फार कमी आहे. १.२ वर ३, ५ वर किलोओहम, मग मधल्या ३.३ वर फक्त ४७ का?

दुसरं म्हणजे बोर्ड काल-परवापर्यंत चालत होता आणि १.२ च्या आसपास तुम्ही हात लावलेला नाही. ज्या भागात सोल्डरिंग आयर्न गेलंच नाही तो भाग त्याच दिवशी आपोआप बिघडेल, ही शक्यता बरीच कमी आहे. संशयाची सुरुवात नेहमी जिथे काम झालं तिथून करायची.

आता मोजण्याच्या पद्धतीबद्दल. बोर्डाला जोडलेलं सगळं काढा: यूएसबी केबल, डिस्प्ले, प्रोग्रामर, बॅटरी, घड्याळाचा बटन सेल. मग ओहमवर जायच्या आधी मीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवून प्रत्येक लाइन बघा. कपॅसिटरमध्ये उरलेले नुसते पन्नास-साठ मिलिव्होल्टसुद्धा ओहमचं रीडिंग पार बिघडवतात, कारण मीटर स्वतःचा बारीकसा करंट सोडतो आणि समोर किती व्होल्टेज पडलं त्यावरून ओहम काढतो. आधीपासून तिथे व्होल्टेज असेल तर हिशोबच चुकतो. निगेटिव्ह ओहम दाखवणारा मीटर खराब नसतो, बोर्ड रिकामा झालेला नसतो.

५ व्होल्टचं चढणं याच कारणाने. समजा त्या लाइनवर १००० मायक्रोफॅरड आहेत आणि तुमचा मीटर त्या रेंजला ०.१ मिलिअँप सोडतो. मग कपॅसिटर सेकंदाला ०.१ व्होल्टने भरत जाणार आणि मीटरला तो वाढता रेझिस्टन्स वाटणार. प्रोब धरून अर्धा-एक मिनिट थांबा, आकडा कुठेतरी स्थिरावेल. जिथे थांबेल ते रीडिंग. लगेच प्रोब उलटे केलेत तर आधी विचित्र काहीतरी दिसेल, मग परत चढेल. चढणारा आकडा हा खरं तर दिलासा आहे, कारण शॉर्ट असलेली लाइन चार्ज होत नाही.

कोअरसारख्या लाइनवर प्रोबचा स्वतःचा रेझिस्टन्सही मोजा. दोन्ही टोकं एकमेकांना घट्ट लावा, ०.२ ते ०.५ ओहम काहीतरी दिसेल, ते वजा करा. ३ ओहममध्ये त्याने फारसं बिघडत नाही. पण ०.६ आणि ०.२ यांत फरक करायचा असेल तर तो आकडाच सगळं ठरवतो. काट्याचा जुना मीटर वापरत असाल तर एक लक्षात ठेवा: त्यातल्या बहुतेकांत ओहमच्या रेंजला काळा प्रोब पॉझिटिव्ह असतो, लाल निगेटिव्ह. आणि कोणी इन्सुलेशन टेस्टर लावून बघू म्हणालं तर त्याला बोर्डापासून लांब ठेवा. ते यंत्र ५०० व्होल्ट सोडतं.

आता ४७ ओहमकडे येऊ.

पहिला प्रश्न, हा ४७ खरा रेझिस्टन्स आहे की एखादं सेमीकंडक्टर जंक्शन ४७ असल्याचं भासवतंय? हे ओळखायला डायोड मोड फार उपयोगी आहे. बहुतेक डिजिटल मीटर डायोड मोडमध्ये साधारण एक मिलिअँप सोडतात आणि पडलेलं व्होल्टेज दाखवतात. खरे ४७ ओहम असतील तर एक मिलिअँपला ४७ मिलिव्होल्ट पडणार, म्हणजे स्क्रीनवर ०.०४७ च्या आसपास. प्रोब उलटे करा, तरी तेच. जंक्शन असेल तर एका दिशेला ०.३ ते ०.६ दिसेल, शॉट्की डायोड असेल तर ०.१५-०.२, आणि दुसऱ्या दिशेला बरंच जास्त किंवा ओव्हरलोड, म्हणजे मीटरच्या मोजमापाबाहेर. लाल प्रोब ग्राउंडवर आणि काळा ३.३ वर ठेवलात तर कमी व्होल्टेज दिसणं अगदी अपेक्षित आहे, कारण चिपमधले संरक्षक डायोड त्या दिशेने चालू होतात आणि तुमच्या बक मॉड्यूलमधला डायोडसुद्धा इंडक्टरमधून त्याच दिशेला पडतो. पुष्कळ लोक प्रोब उलटे धरून मोजतात आणि शॉर्ट आहे म्हणून बोर्ड सोलायला घेतात. म्हणून आधी काळा ग्राउंडवर, लाल लाइनवर, मग उलट, आणि दोन्ही आकडे लिहून ठेवा.

रेंज बदलून बघणं हीसुद्धा तीच परीक्षा. २०० ओहम आणि २ किलोओहम, दोन्ही रेंजला ४७ च आले तर तो रेझिस्टन्स. एकात ४७ आणि दुसऱ्यात १८० आले तर ते सेमीकंडक्टर. ऑटो-रेंज मीटर असेल तर रेंज हाताने धरून ठेवा. (कोअर लाइनवर ही युक्ती फारशी चालत नाही. ओहमात मोजता येणारी गळती इतक्या कमी व्होल्टेजला दोन्ही दिशांना जवळपास सारखीच दिसते. तिथे तसाच दुसरा चांगला बोर्ड मिळाला तर तुलना करायची, नाहीतर वर सांगितलेला तर्क.)

समजा ४७ दोन्ही बाजूंनी पक्के निघाले. मग मॉड्यूलच्या आउटपुटचा जंपर काढा. ग्राउंडचा नको, फक्त पॉझिटिव्ह. आता मॉड्यूलकडचं टोक आणि बोर्डाकडचा पॅड असे दोन्ही वेगवेगळे ग्राउंडशी मोजा. शंभरातल्या नव्वद भानगडींचा निकाल या एका जंपरने लागतो, आणि तरी लोक तो काढायचा कंटाळा करतात.

मॉड्यूलकडे ४७ राहिले, तर मॉड्यूलचा आउटपुट कपॅसिटर किंवा त्याचं फीडबॅक, म्हणजे आउटपुट किती आहे ते कन्व्हर्टरला कळवणारी जोडणी, तपासा. साधारणपणे मॉड्यूलच्या आउटपुटवर काही किलोओहम दिसायला हवेत, कारण फीडबॅकचे दोन रेझिस्टर आउटपुटपासून ग्राउंडपर्यंत जोडलेले असतात. इथेच एक गोष्ट सांगतो जी शॉर्टच्या भीतीत सगळे विसरतात: मॉड्यूल सुटं मोजताना ओव्हरलोड दिसला, म्हणजे काहीच रेझिस्टन्स नाही असं आलं, तर ते कमी रीडिंगपेक्षा धोकादायक. त्याचा अर्थ फीडबॅकची साखळी तुटलेली असू शकते. कन्व्हर्टरला आउटपुट किती आहे ते कळत नाही, तो कमीच आहे असं समजून वाढवत जातो, आणि ३.३ च्या लाइनवर थेट १२ च्या जवळचं व्होल्टेज येतं. शॉर्ट असला तर फार तर मॉड्यूल तापेल किंवा बंद पडेल. फीडबॅक तुटला तर बोर्डावरची ३.३ ची प्रत्येक चिप जाते.

ज्या मॉड्यूलवर आउटपुट जुळवायचा छोटा स्क्रूवाला ट्रिमर (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) असतो त्यात हा धोका कायमचा असतो. ट्रिमरचा सरकणारा संपर्क धुळीने किंवा धक्क्याने क्षणभर सुटला तरी बऱ्याच मॉड्यूलमध्ये आउटपुट वर उडतं. त्यामुळे मी ट्रिमर काढून दोन पक्के रेझिस्टर लावतो. कन्व्हर्टरचा रेफरन्स (फीडबॅकची तुलना ज्याच्याशी होते ते आतलं व्होल्टेज) ०.८ व्होल्टचा असेल तर ३.३ साठी वरचा रेझिस्टर खालच्याच्या ३.१२५ पट हवा. खाली १० किलो धरले तर वर ३१.२५ किलो. बाजारात ३१.६ किलो सहज मिळतो, त्याने ३.३३ व्होल्ट येतात, चालतं.

पण माझा अंदाज असा की ४७ बोर्डाकडे राहतील. तिथे काय बघायचं?

पहिला संशय जुन्या रेग्युलेटरच्या शेजारच्या कपॅसिटरवर. एएमएस१११७ च्या आउटपुटला बहुधा २२ मायक्रोफॅरडचा टँटलम कपॅसिटर असतो, शिवाय एक-दोन सिरॅमिक. रेग्युलेटरचा टॅब, म्हणजे धातूचा रुंद पाय, मोठ्या कॉपरला चिकटलेला असल्यामुळे तो काढायला भरपूर उष्णता द्यावी लागते आणि ती शेजाऱ्यांनाही मिळते. सिरॅमिक कपॅसिटर उष्णतेच्या धक्क्याने किंवा बोर्ड वाकल्याने आतून तडकतो. बाहेरून काही दिसत नाही, आणि तडकलेला कपॅसिटर कधी शून्य ओहम दाखवतो, कधी पाच, कधी पन्नास. टँटलम तुम्ही काढून परत लावला असेल तर पट्टी बघा. टँटलमवर पट्टी पॉझिटिव्ह टोकाची असते आणि अॅल्युमिनियमच्या इलेक्ट्रोलिटिकवर निगेटिव्हची. एकाची सवय असलेला माणूस दुसरा हमखास उलटा लावतो. उलटा टँटलम पहिल्या मिनिटाला शॉर्ट दाखवेलच असं नाही, पॉवर मिळाल्यावर मात्र तो पेट घेऊ शकतो. त्यामुळे ओहमच्या भरवशावर न राहता तो डोळ्यांनीच तपासा.

दुसरी जागा म्हणजे त्या काढलेल्या रेग्युलेटरचा फूटप्रिंट, म्हणजे त्याच्या पायांखालचे बोर्डावरचे पॅड. एएमएस१११७ च्या एसओटी-२२३ पॅकेजमध्ये मोठा टॅब आउटपुटचा असतो, ग्राउंडचा नाही. पाय क्रमाने ग्राउंड, आउटपुट, इनपुट. सवय लागलेली असते ७८०५ या रेग्युलेटरची, ज्याचा टॅब ग्राउंड असतो, आणि मोठं कॉपर दिसलं की हात आपोआप तिथे ग्राउंडची वायर लावतो. एलएम३१७ चा टॅब आउटपुट, ७९०५ चा इनपुट. प्रत्येकाचं वेगळं, त्यामुळे डेटाशीट उघडल्याशिवाय त्या पॅडला वायर लावू नये. तुमच्या बाबतीत ही चूक झाली असती तर ४७ नव्हे, शून्याजवळ आलं असतं. पण टॅबच्या कडेला सोल्डरचा थेंब पसरून शेजारच्या एखाद्या लहान रेझिस्टरला चिकटला असेल, तर नेमका असा मधलाच आकडा येतो. ४७ ही रेझिस्टरची ठरलेली किंमत आहे हे विसरू नका. बोर्डाच्या त्या कोपऱ्यात ४७ ओहमचा रेझिस्टर आहे का, ते आधी भिंगातून बघा. तसा सापडला आणि त्याचं एक टोक ग्राउंडला जात असेल, तर तुमचा अर्धा शोध संपला.

फ्लक्सचं (सोल्डर नीट चिकटावं म्हणून लावलेल्या चिकट पदार्थाचं) नावही लोक लगेच घेतात. फ्लक्सच्या थराची गळती असते, पण ती दहा-वीस किलोओहमपासून मेगाओहमपर्यंत, आणि आकडा डोलत राहतो. ४७ वर स्थिर राहणारं रीडिंग फ्लक्सचं नसतं. तरी आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन, पूर्ण वाळवून मगच पुढे जा, कारण फ्लक्सखाली सोल्डरचा केसाएवढा पूल लपलेला असतो.

कपॅसिटर एकेक करून काढत बसण्यापेक्षा दोषी जागा तापवून शोधणं सोपं, पण त्यात थोडं गणित आहे आणि ते बऱ्याचदा चुकीचं लावलं जातं. बेंच सप्लायवरून (व्होल्टेज आणि करंट ठरवता येणाऱ्या टेबलावरच्या पॉवर सप्लायवरून) लाइनला कमी व्होल्टेज द्यायचं, करंट बांधून ठेवायचा, आणि काय गरम होतं ते बघायचं. सरधोपट सल्ला असतो की एक व्होल्ट द्या. शॉर्ट ०.१ ओहमचा असेल तर ते बरोबर आहे: करंटची मर्यादा एक अँपिअरची ठेवली तर सप्लाय तिथे अडेल, शॉर्टवर ०.१ वॉट खर्च होईल, बोर्डावर पसरलेलं अल्कोहोल तिथे आधी उडेल. पण ४७ ओहमला एक व्होल्ट दिलात तर २१ मिलिअँप वाहणार, आणि खर्च होणार २१ मिलिवॉट. हाताला कळणार नाही, अल्कोहोललाही नाही. तिथे लाइनचं पूर्ण व्होल्टेज हवं. ३.३ ला ७० मिलिअँप आणि ०.२३ वॉट. तांदळाच्या दाण्याहून लहान कपॅसिटरमध्ये ०.२३ वॉट म्हणजे तो स्पष्ट तापतो, थर्मल कॅमेऱ्यात चमकतो आणि बोटालाही लागतो. म्हणजे शून्याजवळचा शॉर्ट करंटने शोधायचा, मधली गळती व्होल्टेजने.

मॉड्यूल सुटंच ठेवा. सप्लाय आधी ३.३० वर लावा, मीटरने खात्री करा, करंटची मर्यादा १५० मिलिअँप ठेवा आणि मगच बोर्डाच्या ३.३ च्या पॅडला जोडा. ३.३ च्या वर अजिबात नको. १५० मिलिअँपला सप्लाय अडला आणि व्होल्टेज खाली आलं तरी हरकत नाही, चिपसुद्धा थोडा करंट ओढायला लागतात. एका लाइनला व्होल्टेज देऊन बाकीच्या रिकाम्या ठेवणं चिपना आवडत नाही, संरक्षक डायोडमधून करंट भलतीकडे जातो, म्हणून हे काम मिनिटभरात आटपायचं. १.२ च्या कोअरवर हा प्रयोग करू नका, तिथे करायचं काही कारणच नाही.

शून्याजवळचा शॉर्ट असता तर आणखी एक छान पद्धत होती, ती सांगून ठेवतो. नेहमीच्या ३५ मायक्रॉन जाडीच्या कॉपरचा रेझिस्टन्स चौकोनामागे साधारण अर्धा मिलीओहम असतो. एक मिलिमीटर रुंद आणि दहा मिलिमीटर लांब ट्रॅक म्हणजे दहा चौकोन, म्हणजे पाच मिलीओहम. त्यातून एक अँपिअर सोडला की पाच मिलिव्होल्ट पडतात आणि साध्या मीटरच्या २०० मिलिव्होल्टच्या रेंजला ते आरामात दिसतात. काळा प्रोब सप्लायच्या निगेटिव्हला, लाल लाइनवर पुढे पुढे सरकवत न्यायचा. जिथे व्होल्टेज सगळ्यात कमी, तिथे शॉर्ट. तुमच्या ४७ ओहमला हे चालणार नाही: ७० मिलिअँपला त्याच ट्रॅकवर जेमतेम ०.३५ मिलिव्होल्ट, म्हणजे मीटरच्या शेवटच्या अंकाची चुळबुळ.

समजा कपॅसिटर सापडला, काढला, ३.३ वर आता ८०० ओहम येतात. तरी पॉवर नको. अजून एक मोजमाप राहिलंय आणि ते लाइन ते ग्राउंड नाही, लाइन ते लाइन आहे. १२ ते ३.३, १२ ते ५, ५ ते ३.३, ५ ते १.२. ग्राउंडशी मोजताना सगळं ठीक दिसेल आणि तरी १२ सरळ ३.३ ला जोडलेले असू शकतात, कारण कन्व्हर्टरमधला मॉसफेट (स्विचचं काम करणारा ट्रान्झिस्टर) इनपुट-आउटपुटमध्ये शॉर्ट झाला तर ग्राउंडला त्याची खबरच नसते. तुमच्या बोर्डात हे आणखी महत्त्वाचं, कारण तुम्ही १२ चा ट्रॅक कापलाय. पात्याने कापलेल्या ट्रॅकमध्ये कॉपरचा एखादा तंतू उभा राहतो, किंवा पात्याने निघालेली साल वाकून शेजारच्या पॅडवर पडते. कापाच्या दोन्ही बाजूंना मोजा, तिथे मेगाओहम किंवा ओव्हरलोड येत नसेल तर आडव्या-तिडव्या वाटा शोधा. मी काप नेहमी दोन मारतो, मिलिमीटरभर अंतर ठेवून, आणि मधला तुकडा उचलून टाकतो.

५ ते १.२ मोजताना अपेक्षा अशी: ५ चे ग्राउंडशी जितके किलोओहम, साधारण तितकेच. ३ ओहम त्यात मिसळले तरी फरक पडत नाही. तिथेच जर एक-दोन ओहम आले तर कोअरच्या कन्व्हर्टरचा वरचा मॉसफेट गेलाय, आणि पॉवर दिल्या क्षणी १.२ च्या प्रोसेसरला ५ व्होल्ट मिळतील. ‘कोअरचे ३ ओहम बहुधा ठीक’ यातलं ‘बहुधा’ काढून टाकणारं मोजमाप हेच.

पहिली पॉवर देतानाही मॉड्यूल आधी एकटं चालवा. आउटपुटला ३३ ओहमचा एक वॉटचा रेझिस्टर लावा, ०.१ अँपिअरचा भार होईल. इनपुटला १२ द्या, आउटपुट ३.३ च आहे ना ते बघा, इनपुट ९ पासून १३ पर्यंत फिरवून पाहा, पॉवर तीन-चारदा बंद-चालू करा. ट्रिमर असेल तर त्यावर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टकटक करा. आकडा हलला तर ते मॉड्यूल बोर्डावर जाऊ देऊ नका.

मग जंपर जोडून पूर्ण बोर्ड. इथे करंटची मर्यादा फार कमी ठेवण्याचा मोह होतो, पण ती चूक आहे. बक कन्व्हर्टरला इनपुट कमी मिळालं की तो तेवढीच पॉवर मिळवायला जास्त करंट ओढतो. सप्लाय ५० मिलिअँपवर अडला की व्होल्टेज पडतं, कन्व्हर्टर आणखी ओढतो, सप्लाय आणखी पडतो, आणि चांगला बोर्ड शॉर्ट असल्यासारखा पाच-सहा व्होल्टवर अडकून बसतो. हिशोब करा: ३.३ ला ३०० मिलिअँप म्हणजे जवळपास एक वॉट. मॉड्यूलची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर १२ च्या बाजूला साधारण १०० मिलिअँप. त्यात ५ आणि १.२ चा वाटा मिळवून मर्यादा ३०० ते ४०० मिलिअँप ठेवा. जुन्या रेग्युलेटरला याच ३०० मिलिअँपला ८.७ व्होल्ट खाऊन २.६ वॉट बाहेर टाकावे लागत होते. तो तापायचा यात त्याचा दोष नव्हता.

बोर्ड चालू झाला की ग्राउंडकडे वळा. ग्राउंडच्या जंपरचा रेझिस्टन्स साध्या मीटरने मोजण्यात अर्थ नाही, तो प्रोबच्या रेझिस्टन्समध्ये बुडून जातो. ३० गेजच्या बारीक वायरचा रेझिस्टन्स एक मीटर लांबीला ०.३४ ओहम, म्हणजे दहा सेंटिमीटरला ३४ मिलीओहम. हे मोजायचं ते भार असताना आणि व्होल्टमध्ये: काळा प्रोब सप्लायच्या निगेटिव्हवर, लाल प्रोसेसरजवळच्या ग्राउंडच्या पॅडवर, मग मॉड्यूलच्या ग्राउंडवर. काही मिलिव्होल्ट असतील तर चालेल. मॉड्यूलच्या ग्राउंडवर तीस-चाळीस दिसले, किंवा बोर्ड जड काम करताना आकडा उड्या मारायला लागला, तर ती वायर जाड आणि आखूड करा, जमलं तर मॉड्यूलचं ग्राउंड सरळ ग्राउंड प्लेनवर (बोर्डावरच्या ग्राउंडच्या मोठ्या कॉपरवर) टेकवा. मॉड्यूल आपलं ३.३ स्वतःच्या ग्राउंडपासून मोजतं. त्याचं ग्राउंड वर उचललं गेलं की चिपला मिळणारं व्होल्टेज बदलतं आणि मीटर मॉड्यूलवर लावून बघितलं तर सगळं छान दिसतं.

एक शक्यता मुद्दाम शेवटी ठेवलीय. ३.३ व्होल्ट देऊन बघितल्यावर गरम होणारी वस्तू कपॅसिटर किंवा रेझिस्टर न निघता एखादी चिपच निघाली, तर आठवून बघा: मॉड्यूल बोर्डाला जोडलेलं असताना, ट्रिमर जुळवायच्या आधी, त्याला क्षणभर तरी १२ व्होल्ट मिळाले होते का? ही मॉड्यूल ट्रिमर कुठेही फिरलेल्या अवस्थेत येतात. ३.३ च्या बहुतेक चिपची कमाल मर्यादा ३.६ ते ४ च्या आसपास असते. तसं झालं असेल तर ४७ ओहम त्या एका चिपमध्ये दिसतायत एवढंच, त्याच लाइनवरच्या बाकीच्यांनीही तेच व्होल्टेज खाल्लेलं आहे. तेव्हा ती चिप उचलल्यावर ३.३ चं रीडिंग परत घ्या, दोन्ही दिशांना आणि डायोड मोडमध्येही, आणि नवी चिप मागवण्याआधी लाइनवरच्या उरलेल्या प्रत्येक चिपचा डेटाशीटमधला आकडा बघून घ्या.